पंपाचा आवाज

"रस्ता बघू नको, गेज बघ," कृष्णातमिस्त्री म्हणाले आणि त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

गेज गाडीच्या बाहेर होतं. पेट्रोलचा दाब मोजणारं ते काट्याचं गोल घड्याळ आम्ही लांब नळी लावून बॉनेटखालून बाहेर काढलं होतं आणि वायपरखाली चिकटपट्टीनं घट्ट बसवलं होतं, म्हणजे गाडी पळत असताना काचेतून काटा दिसावा. गाडी जपानी, दोन दारांची, बुटकी, लाल. बारा-तेरा वर्षं वापरलेली. तिला टर्बो होता. बाहेर जाणारा धूर एक पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, एवढं कळलं तरी पुरे. जादा हवा आली की जादा पेट्रोल लागतं. ते मिळालं नाही तर इंजिन आतल्या आत भाजून निघतं.

सांगली रस्त्याला लागेपर्यंत गाडी गुणी पोरीसारखी चालली. मग मिस्त्रींनी तिला मोकळं सोडलं. टर्बो जागा झाला, माझी पाठ सीटला चिकटली, आणि लगेच गाडीला ठसका लागला. एक हिसका, दुसरा हिसका, मग परत ओढ. दाबाचा काटा वर जायला हवा होता. तो खाली आला.

मी हातानं खूण केली. मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून डिकी उघडली, आतला गालिचा उचलला आणि पंपाकडं जाणाऱ्या वायरच्या जोडावर बोट ठेवलं.

"हात लाव."

मी लावला आणि झटकन काढला. जोड चांगलाच तापला होता.

"पंप मेलेला न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पंपाला करंट पुरत न्हाई. वायर बारीक, जोड गंजलेला. गाडी निवांत हाय तवर भागतंय. जोर मागितला की पंपाची ताकद जाती. मीटर लाव, बघ."

मी इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट होते. पंपापाशी जेमतेम दहा.

आठ दिवस ही गाडी पुण्यात पडून होती. तिथं त्यांनी इंजेक्टर धुतले, फिल्टर बदलला, कॉम्प्युटर लावून बघितलं आणि टर्बोच खराब आहे असं सांगून परत पाठवली. मिस्त्रींना अर्धा तास लागला.

"मालकाला फोन करू?" मी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "नको. रविवारी फौंड्रीत बोलावलंय त्यानं, तिथंच सांगतो. तू कुणाला बोलू नको. मी जाडी वायर आन् नवा रिले आणून ठेवतो." रिले म्हणजे पंपाचा करंट जोडणारी-तोडणारी छोटी डबी.

तो गुरुवार होता. साल दोन हजार तीन.

कृष्णातमिस्त्रींचं नाव तेव्हा कोल्हापुरात मोठं होतं. उद्यमनगरातलं त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि समोर कडुलिंबाचं झाड, पण गोव्यापासून गाड्या यायच्या. बंद बॉनेटवर कान टेकून कुठल्या सिलिंडरचा वॉल्व्ह सैल आहे ते सांगायचे, असा त्यांचा लौकिक. आदल्याच दिवाळीत गॅरेजवाल्यांच्या संघटनेनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. 'कानानं गाडी ओळखणारा मिस्त्री' असा मथळा देऊन पेपरात फोटो आला. फोटोत मीही होतो. माझा एक खांदा आणि अर्धा कान.

मी गडहिंग्लजकडचा. नाव भैरू. आयटीआय करून विसाव्या वर्षी त्यांच्याकडं आलो आणि नऊ वर्षं राहिलो. हातातलं सगळं त्यांनी दिलेलं. नट किती आवळायचा, कुठं थांबायचं, गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे कसं ओळखायचं, सगळं. दुपारी त्यांच्या घरून दोन डबे यायचे, एक त्यांचा, एक माझा. त्यांची मुलगी वैजयंता, आम्ही वैजू म्हणायचो, ती ते घेऊन यायची. आई नव्हती तिला. सत्काराच्या दिवशी मिस्त्री व्यासपीठावर दहा मिनिटं बोलले. स्वतःच्या गुरूचं नाव घेतलं, देवाचं घेतलं, संघटनेच्या अध्यक्षाचं घेतलं. माझं घेतलं नाही.

शुक्रवारी दुपारी गाडीच्या मालकानं मला एकट्यालाच बोलावून घेतलं.

यशोधन इंगवले म्हणजे बापाच्या फौंड्रीवर बसलेला, चौतिशीतला, गोरा, हसरा माणूस. सगळे त्याला दादा म्हणायचे. गाड्या पळवायचा नाद. आणखी एक नाद होता, तो मला पुढं कळला. माणसाचं दुखरं कुठं आहे ते त्याला लगेच सापडायचं, आणि सापडलं की तिथं बोट लावून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

"भैरू, बस," तो म्हणाला. "हायवेला गॅरेज काढतोय मी. लिफ्ट, स्कॅनर, सगळं. फक्त अशाच गाड्या घ्यायच्या. चालवायला माणूस पायजे."

"मिस्त्री हाईत की."

"मिस्त्री हाईत." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "मागल्या आठवड्यात मी त्यांच्या पाठीमागं उभा राहून दोन हाका मारल्या. वळले न्हाईत. मग फिरून समोर गेलो, तर कसे, हसत नमस्कार. म्हातारा बहिरा झालाय व्हय रे?"

"मला काय ठाऊक."

"नऊ वर्षं बरोबर हाईस, आन् तुला ठाऊक न्हाई?"

मी खिशातली चिंधी काढून बोटं पुसायला लागलो.

"बरं, राहू दे," तो म्हणाला. "रविवारी माझे दोस्त येणार हाईत. थोडी गंमत करू. पंपाचा रिले तू आधीच काढून मुठीत धर. रिले न्हाई म्हणजे पंप चालणार न्हाई, बरोबर? मग मिस्त्रींना सांगू, कान लावा आन् पंप वाजतोय का सांगा. त्यांना ऐकू येत असेल तर ते म्हणतील, न्हाई वाजत. विषय संपला, गॅरेज त्यांचं. ऐकू येत नसेल तर..."

"तर काय?"

"तर बहिऱ्या माणसाला मी गॅरेज कसं देऊ, तूच सांग. तुला द्यावं लागेल."

खिडकीतून फौंड्रीचा आवाज येत होता. मी त्याला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. उठताना फक्त एवढंच विचारलं, "रिले काढलाय ते चारचौघांत दिसलं तर?"

तो हसला. "मुठीत धर म्हटलं न्हवं."

रविवारी दहाला आम्ही फौंड्रीच्या आवारात पोचलो. सुट्टी होती. शेडच्या सावलीत दहा-बारा खुर्च्या, मिसळीच्या थाळ्या, चहा. यशोधनदादाचे दोस्त, एक मेहुणा, एकाच्या गळ्यात कॅमेरा. मिस्त्रींनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, टोपीला इस्त्री होती. हातात कापडी पिशवी. पिशवीत जाड तांबड्या वायरचं भेंडोळं, नवा रिले आणि सोल्डरिंगचं सामान. आज सगळ्यांसमोर रोग सांगायचा आणि तिथल्या तिथं बरा करून दाखवायचा, असं त्यांच्या मनात होतं. येताना रिक्षात ते मला म्हणालेही होते, "पुण्याच्यांनी टर्बो बदला म्हणून सांगितलंय. बघच तू आता."

मी गाडी पुसायच्या निमित्तानं बॉनेट उघडलं, रिले काढला आणि डाव्या मुठीत धरला. उजव्या हातात नेहमीची चिंधी होती.

"या मिस्त्री," यशोधनदादा म्हणाला. तो त्यांच्या अगदी समोर उभा राहून, शब्द मोकळे करून बोलत होता. "मंडळींना तुमचं काम बघायचंय. सुरुवात पंपापासून करू. चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद वाजतो ना?"

"वाजतो."

"कसा वाजतोय ते ऐकून सांगा."

मिस्त्री गाडीच्या मागं गेले. पेट्रोल भरायचं झाकण उघडलं, वाकले आणि त्यांनी टाकीच्या अंगाला तळवा लावायला हात पुढं केला. यशोधनदादानं तो हात हलकेच धरला.

"हात नको मिस्त्री. कान लावा. फोटो काढायचाय. पेपरात आलं होतं तसा."

कॅमेरावाला पुढं सरकला. मिस्त्रींनी टोपी काढून हातात धरली आणि झाकणाच्या तोंडाशी कान नेला. मी गाडीच्या मागच्या कोपऱ्याला, त्यांच्या नजरेसमोर उभा होतो.

"फिरव रे," यशोधनदादा म्हणाला. मेहुण्यानं चावी फिरवली.

काही वाजलं नाही. आवारात इतकी शांतता होती की पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटी ऐकू आली. मिस्त्रींनी मान तशीच ठेवून डोळे वर केले आणि माझ्याकडं बघितलं. मी हातातली चिंधी खांद्यावर टाकली.

"वाजतोय," मिस्त्री म्हणाले.

"नक्की?" यशोधनदादानं त्यांच्यासमोर वाकून विचारलं.

"नक्की. आवाज साफ हाय. पंप चांगला हाय, पर त्याला..."

"आवाज कसा म्हणालासा?"

"साफ."

यशोधनदादानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग तो माझ्याकडं वळला. "भैरू, मूठ उघड."

मी मूठ उघडली. काड्यापेटीपेक्षाही लहान, काळा, चार पायांचा रिले माझ्या तळव्यावर होता. पहिल्यांदा मेहुणा हसला. मग ज्यांना कळलं नव्हतं त्यांना इतरांनी समजावून सांगितलं आणि तेही हसले. कॅमेरावाल्यानं फोटो काढला. एकजण खुर्चीवरून म्हणाला, "वाजतोय म्हणे, साफ वाजतोय," आणि दुसऱ्यानं तेच मिस्त्रींच्या आवाजात म्हणून दाखवलं.

मिस्त्री सावकाश सरळ झाले. त्यांनी रिले बघितला. मग माझा खांदा बघितला. बराच वेळ बघितला. मला वाटलं आता बोलतील. ते बोलले नाहीत. टोपी झटकून डोक्यावर घातली आणि फाटकाकडं निघाले.

ते पाठमोरे झाले आणि तिथूनच खरी गंमत सुरू झाली. कुणीतरी हाक मारली, "मिस्त्री, पिशवी राहिली." पिशवी खरोखरच राहिली होती, पण ते थांबले नाहीत. "मिस्त्री, धोतर सुटलंय." ते पँट घालायचे. हशा झाला. "मिस्त्री, घराला आग लागलीया." ते आपल्या नेहमीच्या चालीनं, हात मागं बांधून चालले होते. प्रत्येक हाकेनंतर सगळे क्षणभर गप्प राहायचे, वळतात का बघायचे, आणि ते वळले नाहीत की पुन्हा हसायचे. यशोधनदादा मला म्हणाला, "तू मार की एक हाक."

मी मारली. "मिस्त्री, चहा घेऊन जावा."

या हाकेला सगळ्यात जास्त हशा आला. मीही हसलो. फाटकापाशी मिस्त्रींनी वॉचमनला नमस्कार केला, त्यानं दार उघडलं, आणि ते गेले.

इथवरची गोष्ट कोल्हापुरात पुष्कळांना ठाऊक आहे. मीही ती कितीतरी वेळा सांगितली आहे, चार मेकॅनिक जमले की हसवायला. पुढची मात्र सांगितलेली नाही.

मिस्त्रींना ऐकू येत नाही हे मला अडीच वर्षांपासून माहीत होतं. मिरजेच्या डॉक्टरकडं मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. कानाची शीरच वाळली आहे, मशीन लावून उपयोग नाही, असं डॉक्टरनं कागदावर लिहून दाखवलं. परतीच्या एसटीत मिस्त्री खिडकीबाहेर बघत बसले होते. जयसिंगपूर गेल्यावर म्हणाले, "माझ्या आईचंबी असंच झालं. पन्नाशीत. घराण्यातच हाय म्हणायचं." मग म्हणाले, "वैजूचं लगीन व्हायचंय, भैरू. हे बाहेर गेलं तर तिला कोण करून घेईल? उद्या पोरंबी तशीच झाली तर, असं म्हणतील. तेवढं होऊ दे. तवर तू माझा कान हो."

मी झालो. खुणा आम्ही दोघांनी मिळून ठरवल्या. इंजिनजवळ ते कान लावायचे आणि मी समोर उभा राहायचो. आवाज ठीक असेल तर मी चिंधी खांद्यावर टाकायची, नसेल तर हातातच ठेवायची. कुठल्या सिलिंडरमधून आवाज येतोय ते मांडीवर बोटं टेकून दाखवायचं. कान माझा, पण त्यावरून रोग ओळखायचे ते. तो हिशोब माझ्या बापाला जमला नसता. तरी अडीच वर्षं लोक त्यांच्या कानाचं कौतुक करायचे आणि मी ते समोर उभा राहून ऐकायचो. सत्काराच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "तुझं नाव घ्यायचं मनात हाय, पर घेतलं तर लोक विचारतील, याचं काय काम. लगीन झालं की सगळ्यांसमोर सांगतो." मी मान हलवली. आतून मात्र एक अढी घट्ट बसली, आणि बसली ती बसलीच.

म्हणजे त्या रविवारी मिस्त्री खोटं बोलले नाहीत, अंदाजही केला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांना सांगितलं की पंप वाजतोय. चिंधी नुसती हातात ठेवली असती तर ते म्हणाले असते, "वाजत न्हाई," आणि यशोधनदादाचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. ते मला शुक्रवारीच कळलं होतं. दोन रात्री मी त्याचा विचार केला होता.

आणि आणखी एक. रिले बघितल्यावर मिस्त्री एक वाक्य बोलले असते तर मी तिथंच उघडा पडलो असतो. "भैरूनं खूण केली," एवढं पुरलं असतं. त्यासाठी मी उत्तर तयार ठेवलं होतं. चेहरा भोळा करून म्हणणार होतो, "कसली खूण मिस्त्री? काय बोलतासा?" त्यांना ऐकू आलं नसतं, पण माझ्या ओठांवरून कळलं असतं. ते उत्तर मला द्यावं लागलं नाही.

त्याच दुपारी मी त्यांची पिशवी उघडली. त्यांनीच आणलेली तांबडी वायर बॅटरीपासून पंपापर्यंत नवीन ओढली, त्यांनीच आणलेला रिले बसवला, जोड सोल्डर केले. मीटर लावला, पंपापाशी साडेतेरा व्होल्ट आले. सांगली रस्त्याला गाडी काढली. टर्बो जागा झाला, काटा वर गेला आणि वरच राहिला. ठसका नाही, हिसका नाही. यशोधनदादा स्वतः चालवत होता. त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली.

"पुण्याला जमलं न्हाई ते तू केलंस. कसं ओळखलंस?"

"वायरच्या जोडाला हात लावून बघितला," मी म्हणालो.

हायवेचं गॅरेज मला मिळालं. आजही ते माझ्याच नावानं ओळखलं जातं.

मिस्त्रींचं पुढं जे झालं ते फार लवकर झालं. फोटोच्या प्रती गावभर फिरल्या. उद्यमनगरातून ते सायकलवरून जायला लागले की कुणीतरी मागून ओरडायचं, "वाजतोय." त्यांना ते कळायचंही नाही, म्हणून पोरंटोरंसुद्धा बिनधास्त ओरडायची. गिऱ्हाइकं तुटली. निम्मी माझ्याकडंच आली. वैजूचं लग्न कागलच्या एका घरात ठरलं होतं, सुपारी फुटली होती. महिन्याच्या आत मध्यस्थाकरवी निरोप आला. मुलगी चांगली आहे, तक्रार काही नाही, पण पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो. मिस्त्रींनी शेड विकली. ते कुठं गेले ते मी विचारलं नाही.

अकरा वर्षांनी एका स्पेअर पार्टवाल्याच्या दुकानात कळलं की ते गारगोटीला आहेत, आणि आता थकलेत. चार-पाच दिवस मी कामात लक्ष लागत नसताना काम केलं. मग एका सकाळी गाडी काढली आणि गेलो.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. गिरणी वैजू चालवत होती. केसांवर, भुवयांवर पीठ. तिशी ओलांडलेली, गळ्यात काही नाही. मिस्त्री दाराशी लाकडी खुर्चीवर बसले होते, खूप बारीक झालेले. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले आणि मग अगदी सहज म्हणाले, "भैरू आला."

वैजूनं गिरणी बंद केली. पट्टा फटफटत थांबला. तिनं हात पुसले आणि मला बसायला डबा पुढं केला. पाणी दिलं. तिच्या वागण्यात राग नव्हता, आपुलकीही नव्हती.

"आता अजिबात ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "माझंच तेवढं ओठांवरून कळतंय. दुसऱ्यांचं न्हाई, आन् लिहिलेलं वाचायला नजर ऱ्हायली न्हाई. तुम्हांला काय बोलायचं असंल ते मला सांगा. मी सांगते त्यांना."

मी सांगायला लागलो. आधी जरा इकडचं तिकडचं बोललो आणि मग सगळं सांगितलं. मिरजेचा डॉक्टर, एसटीतलं बोलणं, खुणा, चिंधी, शुक्रवारची बैठक, दोन रात्री. ती उभी राहून ऐकत होती. रिले माझ्या मुठीत होता हे तिला सगळ्या गावासारखं ठाऊक होतं. खूण ठाऊक नव्हती. अकरा वर्षांत बापानं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

मी थांबलो तेव्हा तिनं एकच विचारलं. "माझं लगीन ठरलेलं तुम्हांला ठाऊक होतं?"

"होतं."

"आन् त्यांनी कशासाठी लपवून ठेवलं होतं, तेबी?"

"तेबी."

"बरं," ती म्हणाली.

"मिस्त्रींना सांग," मी म्हणालो. "माझं चुकलं म्हणून सांग. तेवढ्यासाठी आलोय."

मिस्त्री एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. मी इतका वेळ काय बोललो त्याची त्यांना उत्सुकता होती. त्यांनी तिच्या पदराला हात लावला आणि विचारलं, "काय म्हणतोय गं?"

वैजू त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांना दिसेल असं तोंड समोर धरलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"तुमची तब्येत विचारतोय."

मिस्त्रींचा चेहरा जरा वेळ तसाच राहिला. आणखी काही येईल म्हणून ते तिच्या ओठांकडं बघत होते. आलं नाही. मग त्यांनी मान हलवली.

"बरी हाय म्हणावं."

ती उठली, माझ्याकडं वळली. "बरी हाय म्हणत्यात," ती म्हणाली, आणि माझ्याजवळून पुढं होऊन तिनं गिरणीचं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. त्या आवाजात मला पुढं काही बोलता आलं नाही.